स्टारलिंक मका: पानात किती पडला, याचा हिशेब

१८ सप्टेंबर २००० रोजी 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये एक बातमी आली. क्राफ्ट कंपनी 'टॅको बेल' या नावाने दुकानांत विकत असलेल्या टॅकोच्या कवचांमध्ये स्टारलिंक नावाचा जनुकीय सुधारित मका सापडला होता. (टॅकोचे कवच म्हणजे तळलेला मसाला पापड गरम असतानाच दुमडून ठेवावा तसा मक्याचा कडक खोळा.) पर्यावरणवादी गटांच्या आघाडीने मेरीलँडमधल्या एका किराणा दुकानातून मक्याचे काही पदार्थ विकत घेतले होते आणि आयोवातल्या एका खासगी प्रयोगशाळेत तपासायला दिले होते. हा मका अमेरिकेत बेकायदा नव्हता. त्याला परवाना होता, पण फक्त जनावरांच्या खाद्यासाठी आणि कारखान्यांसाठी. माणसाच्या ताटासाठी नव्हता.

चार दिवसांत क्राफ्टने सगळी कवचे परत बोलावली. पुढच्या काही आठवड्यांत तीनशेहून अधिक मका-पदार्थ दुकानांच्या फळ्यांवरून उतरले. १२ ऑक्टोबरला बियाण्याची मालक कंपनी अव्हेंटिस क्रॉपसायन्सने नोंदणी स्वतःहून सोडायची तयारी दाखवली. वाद, खटले, भरपाई यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला या प्रकरणातला वेगळाच भाग खिळवून ठेवतो: लोकांनी हा मका नेमका किती खाल्ला, हे शोधायला बसलेल्या माणसांनी मांडलेला हिशेब. तो हिशेब बऱ्यापैकी नीट झाला. आणि तरीही त्याने काही सुटले नाही.

आधी परवाना असा अर्धवट का होता ते पाहू. बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजे आपल्या कापूसवाल्यांच्या भाषेत बीटी, या जिवाणूपासून घेतलेली क्राय प्रथिने आपल्याला ओळखीची आहेत. अळी ते खाते, तिच्या आतड्याची वाट लागते आणि ती मरते. स्टारलिंकमध्ये होते क्राय-९सी. इतर बीटी मक्यांतली प्रथिने कृत्रिम जठररसात टाकली की झपाट्याने तुटतात. क्राय-९सी तसे तुटत नव्हते, बराच वेळ शाबूत राहत होते. उष्णतेलाही ते सहज दाद देत नव्हते. शेंगदाणा, अंडे, दूध यांतली जी प्रथिने माणसांना बाधतात त्यांच्यात हे दोन गुण अनेकदा आढळतात. म्हणजे क्राय-९सीचे वावडे (ॲलर्जी) होतेच असे नाही. चोराच्या वर्णनाशी चेहरा थोडा जुळतो, एवढेच. पण तेवढ्यावरून अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था (यापुढे ईपीए) थबकली आणि मे १९९८ मध्ये तिने तोडगा काढला: जनावरांना चालेल, माणसांचे नंतर बघू.

हा निर्णय कागदावर किती सोपा दिसतो! माणसाच्या सेवनाचा अंदाज काढायची गरजच उरत नाही, कारण परवान्यानेच तो शून्य ठरवून टाकला. अट होती की शेतकऱ्याने हा मका वेगळा ठेवायचा, आणि शेताभोवतीच्या ६६० फुटांच्या पट्ट्यातला साधा मकासुद्धा खाद्यासाठीच विकायचा, कारण परागकण वाऱ्याने उडतात. पुढे अनेक शेतकऱ्यांनी सांगितले की ही अट आपल्याला कोणी धड सांगितलीच नव्हती. सांगितली असती तरी काय झाले असते, असे मला वाटत राहते. गावातल्या धान्य कोठारात ट्रक एकामागून एक रिकामे होतात. पिवळा मका पिवळ्या मक्यात पडतो. कोणता दाणा डुकरासाठी आणि कोणता टॅकोसाठी, हे दाण्यावर लिहिलेले नसते. आपल्या बाजार समितीत दोन शेतकऱ्यांची सोयाबीन एकाच ढिगात गेल्यावर ती कोणी वेगळी करून दाखवावी!

तर शून्य मोडले. आता खरा आकडा काढायचा होता.

असा अंदाज बांधायला तीन गोष्टी गुणाव्या लागतात. माणूस दिवसाला मका किती खातो. त्या मक्यात स्टारलिंकचा वाटा किती. आणि त्या वाट्यातले किती प्रथिन पदार्थ तयार होईपर्यंत टिकते. गुणाकार चौथीतल्या मुलालाही येईल. कस लागतो तो प्रत्येक आकडा कुठून आणायचा यात.

वाट्यापासून सुरू करू, कारण तो सगळ्यात सोपा वाटतो. २००० साली अमेरिकेत मका होता सुमारे आठ कोटी एकरांवर, आणि स्टारलिंक साडेतीन लाखांच्या आसपास एकरांवर. म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी, ०.४ टक्के धरा. देशातला सगळा मका एका महाकाय परातीत ओतून कालवला, तर प्रत्येक मुठीत ०.४ टक्के स्टारलिंक येईल. कंपनीची बाजू याच चित्रावर उभी होती, आणि सरासरीपुरते ते खोटेही नव्हते.

पण मका परातीत कालवला जात नाही. स्टारलिंकची मोठी लागवड आयोवात एकवटली होती. तिथल्या एखाद्या कोठारात त्याचा वाटा कितीतरी अधिक असेल, आणि टेक्सासमधल्या एखाद्या गिरणीला तीन महिने त्याचा एक दाणाही मिळणार नाही. देशाच्या सरासरीत दोन्ही मिसळून जातात. वावड्याच्या प्रश्नात मात्र सरासरीला फारसा अर्थ नसतो. शरीर वर्षाची बेरीज करून तीनशे पासष्टने भागत नाही. एके दिवशी एका जेवणात काय आले, त्यालाच ते उत्तर देते.

दुसरी गुंतागुंत नोव्हेंबर २००० मध्ये निघाली. स्टारलिंक म्हणून कधीच न विकलेल्या एका वेगळ्या संकरित वाणाच्या बियाण्यातही क्राय-९सी सापडले. म्हणजे वरच्या भागाकारातला अंशच डळमळला. स्टारलिंकचे एकर मोजून स्टारलिंक किती हे कळते, असे आता म्हणता येईना. मे २००१ च्या पेरणीआधी अमेरिकी कृषी खात्याला बियाणे कंपन्यांकडून क्राय-९सी मिसळलेले मक्याचे बियाणे विकत घेऊन बाजूला काढावे लागले, ते यामुळेच.

मग वाटा मोजायचा कसा? ट्रकमधून दाणे काढायचे, दळायचे, पाण्यात घोळायचे आणि त्यात पट्टी बुडवायची. गरोदरपणाच्या चाचणीसारखी: एक रेघ म्हणजे नाही, दोन म्हणजे आहे. पट्टी चांगली होती. अडचण होती दाण्यांच्या संख्येची. समजा ट्रकमध्ये खरोखर ०.४ टक्के स्टारलिंक आहे आणि आपण ४०० दाणे काढले. त्यात एकही स्टारलिंक न येण्याची शक्यता ०.९९६ चा ४०० वा घात, म्हणजे जवळपास २० टक्के. पाचातला एक दूषित ट्रक निर्धोक म्हणून पुढे जाणार. पुढे ८०० दाण्यांचे तीन वाटे, एकूण २,४०० दाणे, अशी पद्धत रूढ झाली. तेवढ्या दाण्यांत ०.४ टक्क्याचा ट्रक जवळजवळ निसटत नाही. पण ०.१ टक्क्याचा ट्रक अजूनही अकरांतून एकदा निसटतो. मूळ टॅकोची तपासणी तर पट्टीने झालीच नव्हती. शिजवलेल्या, तळलेल्या पदार्थात प्रथिन पट्टीला सापडेलच असे नाही, म्हणून तिथे जनुकाचा, डीएनएचा शोध घेतला गेला. डीएनए सापडला म्हणजे तो मका त्यात होता हे नक्की. त्यातून खाणाऱ्याच्या पोटात क्राय-९सी किती गेले, याचे उत्तर मिळत नाही. बातमी आणि हिशेब यांच्यात पहिली फट इथेच पडली, आणि त्या फटीत दोन्ही बाजूंच्या वकिलांनी पुढे पुष्कळ तंबू ठोकले.

प्रथिन किती टिकते, हा भाग स्वयंपाकघराचा आहे, म्हणून मला त्यात रस जास्त. अमेरिकेत माणसांसाठीचा मका ढोबळमानाने तीन वाटांनी जातो. एक वाट ओल्या दळणाची: दाणा भिजवायचा, फोडायचा, पिष्ठ, तेल आणि प्रथिन वेगळे करायचे. शीतपेयांतला मक्याचा पाक आणि कॉर्नफ्लोअर, म्हणजे मक्याचे पिष्ठ, या वाटेने येतात. त्यांत प्रथिन नावापुरतेच उरते. म्हणून स्टारलिंकच्या हिशेबातून शीतपेये जवळपास वजा झाली, हे योग्यच होते. दुसरी वाट कोरड्या दळणाची: कणी, रवा, पीठ. इथे प्रथिन तसेच राहते. तिसरी वाट मेक्सिकोची. मका चुन्याच्या पाण्यात उकळायचा, रात्रभर ठेवायचा, साल धुवून टाकायचे आणि वाटायचे. त्या ओल्या पिठाला म्हणतात मासा, आणि त्यापासून होतात टॉर्टिया, चिप्स, टॅको. चुना आणि उकळी यांनी क्राय-९सीचे मोजता येणारे प्रमाण बरेच घटते, असे कंपनीच्या चाचण्यांत दिसले होते.

'मोजता येणारे' या दोन शब्दांत सगळी मेख होती. प्रथिन मोजायची चाचणी प्रतिपिंडांवर, म्हणजे ठरावीक प्रथिन ओळखून त्याला चिकटणाऱ्या रेणूंवर, चालते आणि प्रतिपिंडे प्रथिनाला त्याच्या आकारावरून ओळखतात. उकळल्यावर आकार बिघडला की चाचणी म्हणते, नाही. पण वावडे असलेल्या माणसाच्या शरीरातली प्रतिपिंडे तुटक्या तुकड्यालाही ओळखू शकतात. अंड्याच्या बाबतीत शिजवण्याने काहींचा त्रास कमी होतो. शेंगदाण्याच्या बाबतीत भाजून तो घटतोच असे नाही. क्राय-९सी यांपैकी कोणत्या जातीचे, हे सांगायला त्याचे वावडे असलेला एक तरी माणूस लागतो. तो कोणाकडे नव्हता.

कंपनीचा आणखी एक मुद्दा होता: टॉर्टियासाठी बराचसा पांढरा मका वापरतात आणि स्टारलिंक पिवळा. त्यामुळे रोज टॉर्टिया खाणाऱ्यांच्या पानात तो कमीच पडणार. तर्क चोख वाटतो. जुलै २००१ मध्ये पांढऱ्या मक्याच्या चिप्समध्येही स्टारलिंक आढळल्याची बातमी आली. कोठारांत पिवळा आणि पांढरा तरी एकमेकांपासून दूर राहतात, ही समजूतही गेली.

आता उरला पहिला आकडा, माणूस किती मका खातो. अमेरिकेत असल्या कामासाठी कृषी खात्याची आहार-पाहणी वापरली जात असे. १९९४ ते १९९६ मध्ये आणि मुलांसाठी पुन्हा १९९८ मध्ये घेतलेली, एकूण वीस हजारांच्या वर माणसांची. प्रत्येकाला दोन वेगवेगळ्या दिवशी विचारले गेले: काल चोवीस तासांत काय काय खाल्ले? किती वाजता, किती, कुठे? ही आठवणीची पद्धत जगभर चालते. तिचे दुबळेपण घरच्या माणसाला विचारून पाहा. परवा दुपारी चहाबरोबर काय खाल्ले, हे मला आठवत नाही. आठवले तरी मूठभर होते की दोन मुठी, यावर बायकोशी वाद होईल. शिवाय दोन दिवसांवरून माणसाची सवय कळत नाही. ज्या दोन दिवशी विचारले त्या दिवशी टॅको नव्हता, म्हणून तो कधीच खात नाही असे थोडेच असते?

तरी सरासरी काढायला ही पाहणी पुरते. गोंधळ होतो टोकाच्या खाणाऱ्यांपाशी. सरासरी अमेरिकी माणूस अख्खे मक्याचे पीठ तसे थोडेच खातो. मेक्सिकन वंशाच्या घरात मात्र टॉर्टिया म्हणजे आपली भाकरी: तिन्ही त्रिकाळ, लहान मूलही खाते. म्हणून हिस्पॅनिक समाज आणि लहान मुले यांचा वेगळा हिशेब व्हावा, आणि सरासरीऐवजी शंभरातल्या सर्वांत जास्त खाणाऱ्या पाच जणांकडे, एकाकडे पाहावे, हा आग्रह धरला गेला. तो धरला गेला हे या प्रकरणातले उत्तम काम, असे माझे मत आहे. पण वीस हजारांच्या पाहणीत जास्त टॉर्टिया खाणारी हिस्पॅनिक मुले वेगळी काढली, की हातात मोजकीच मुले उरतात. जितके बारीक चाळावे तितके धान्य कमी.

समजण्यासाठी मी एक खेळ मांडतो. यातले आकडे गुणाकार दिसावा म्हणून घेतलेले गोल आकडे आहेत. ते कोणत्या अहवालातले नाहीत. समजा स्टारलिंकच्या एक ग्रॅम दाण्यात १० मायक्रोग्रॅम क्राय-९सी आहे. एक माणूस टॅकोची तीन कवचे खातो, मका सुमारे ४० ग्रॅम. देशाचा सरासरी वाटा ०.४ टक्के धरला आणि प्रथिन पूर्ण टिकले असे मानले, तर पोटात जाते १.६ मायक्रोग्रॅम. दुसरा माणूस दिवसभरात ३०० ग्रॅम मक्याचे टॉर्टिया खातो: १२ मायक्रोग्रॅम. आता पहिल्याच माणसाची तीन कवचे दुर्दैवाने अशा कोठारातून आली, जिथे सगळा मका स्टारलिंक होता: ४०० मायक्रोग्रॅम. भूक तीच, पदार्थ तोच, पण आकडा अडीचशे पट. सगळी अनिश्चितता मक्याच्या वाट्यात आहे आणि आहार-पाहणी कितीही उत्तम केली तरी ती हलत नाही. आणि उलट, चुन्याच्या उकळीने दहांतले नऊ भाग गेले असे धरले, तर तिन्ही आकडे एका फटक्यात दहापट खाली. हिशेब करणाऱ्याने कोणती गृहीतके निवडली, यावर 'धोका नगण्य' किंवा 'चिंताजनक' हे शीर्षक ठरते. गुणाकार मात्र दोघांचाही बरोबर असतो.

२८ नोव्हेंबर २००० रोजी ईपीएची वैज्ञानिक सल्लागार समिती बसली. तिचा निष्कर्ष दोन तुकड्यांत होता. क्राय-९सी हे वावडे निर्माण करणारे प्रथिन असण्याची शक्यता मध्यम आहे. आणि आहारात ते इतके कमी आहे की लोकांमध्ये नवीन वावडे उत्पन्न झाले असण्याची शक्यता कमी आहे. वृत्तपत्रांनी आपापल्या कलाप्रमाणे एकेक तुकडा उचलला. मला ही दोन वाक्ये एकत्र वाचायला आवडतात, कारण धोका म्हणजे नेमके काय ते त्यांत दिसते: पदार्थाचा स्वभाव आणि त्याची मात्रा. मात्रेबद्दल समितीला बोलता आले. स्वभावाबद्दल 'मध्यम' या शब्दापुढे जाता आले नाही.

दरम्यान दुसऱ्या टोकाकडूनही शोध सुरू होता. किती खाल्ले हे विचारण्याऐवजी, खाऊन कोणाला काही झाले का? बातमीनंतर मक्याचे पदार्थ खाऊन त्रास झाल्याच्या ५१ तक्रारी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे आल्या होत्या. रोगनियंत्रण केंद्राने त्या तपासल्या. २८ जणांची लक्षणे वावड्याशी जुळण्यासारखी होती. त्यांच्यापैकी ज्यांनी रक्त दिले, त्यांच्या रक्तात क्राय-९सीविरुद्धची प्रतिपिंडे शोधली गेली. जून २००१ च्या अहवालानुसार एकाही नमुन्यात ती सापडली नाहीत. नंतर एका तक्रारदाराला डॉक्टरांच्या देखरेखीखाली, कोणते ताट कशाचे हे त्याला आणि डॉक्टरांनाही माहीत नसताना, स्टारलिंक मका खाऊ घालण्यात आला. काही झाले नाही. हे २००३ मध्ये प्रसिद्ध झाले.

इथे प्रकरण संपले असे अनेकांनी म्हटले, आजही म्हणतात. मी तेवढ्या ठामपणे म्हणणार नाही, आणि समितीनेही म्हटले नाही. रक्ताच्या चाचणीत वापरलेले क्राय-९सी मक्यातून काढलेले नव्हते, जिवाणूत बनवलेले होते. वनस्पती आपल्या प्रथिनांना कधीकधी साखरेच्या साखळ्या लावते; जिवाणू तसे करत नाही. आणि चाचणी खरेच चालते हे पडताळायला खात्रीचा मानवी नमुना लागतो. तो मिळणार कुठून? क्राय-९सीचे वावडे असलेला माणूस तर कोणालाच माहीत नव्हता. म्हणजे ताप नसलेल्यांवरच तपासून पाहिलेल्या थर्मामीटरने ताप नाही असे सांगितले. ते खरेही असेल. बहुधा खरेच असेल. पण तेवढ्या पुराव्यावर कायदा उभा राहत नाही.

आता कंपनीने नवी मागणी मांडली होती: शून्य जाऊ द्या, निदान २० पीपीबी चालवून घ्या, म्हणजे अब्ज भागांत २० भाग. आपल्या खेळातल्या तीन कवचांत हे होतात ०.८ मायक्रोग्रॅम. ऐकायला काहीच नाही. कोठारांत, गिरण्यांत, रेल्वेच्या डब्यांत शिल्लक राहिलेला मका खपायला ही मर्यादा सोयीची होती आणि सेवनाचे सगळे अंदाज तिच्या बाजूने होते. १७ आणि १८ जुलै २००१ रोजी समिती पुन्हा बसली. तिने सांगितले, वाजवी वैज्ञानिक खात्रीने क्राय-९सीची अशी कोणतीही कमाल पातळी सुचवता येत नाही, जिच्याखाली वावड्याची प्रतिक्रिया होणार नाही. मागणी फेटाळली गेली.

पहिल्यांदा हे वाचले तेव्हा मला ते हटवादी वाटले होते. शून्य पॉइंट आठ मायक्रोग्रॅम! शेंगदाण्याचे वावडे असलेल्या फार नाजूक माणसालाही एक-दोन मिलिग्रॅम, क्वचित त्याहून थोडे कमी लागते. हे त्याच्या शेकडो पट खाली. पण शेंगदाण्याचा तो आकडा कसा मिळाला? वावडे असलेली माणसे ठाऊक होती, त्यांना थोडे थोडे खायला देऊन पाहिले गेले. क्राय-९सीसाठी तशी माणसे नाहीत, म्हणून आकडाही नाही. शिवाय आधीच वावडे जडलेल्या माणसाला किती मात्रेने त्रास होतो हा एक प्रश्न, आणि निरोगी माणसाला नव्याने वावडे जडायला किती मात्रा लागते हा दुसराच. दुसऱ्याचे उत्तर तर शेंगदाण्यासाठीही कोणाकडे धड नव्हते. म्हणजे सेवनाचा अंदाज करणाऱ्यांनी एका पारड्यात अगदी हलके वजन ठेवून दाखवले, पण दुसऱ्या पारड्यात ठेवायला काहीच नव्हते. कीटकनाशकांत हे सहसा अडत नाही. उंदरांवरच्या प्रयोगांतून एक मात्रा मिळते, तिला शंभराने भागायचे, सेवन त्याखाली आले की झाले. ईपीएची सगळी यंत्रे या पद्धतीला सरावलेली. वावड्याला उंदीर उपयोगी पडत नाही, निदान तेव्हा तरी पडत नव्हता.

माझे मत विचाराल तर चूक जुलै २००१ मध्ये झाली नाही, मे १९९८ मध्ये झाली. माणसांचे सेवन शून्य असेल असे लिहिताना कोणी तरी कोठारावर जाऊन उभे राहायला हवे होते. तेव्हा ०.४ टक्के नाही तरी ०.०४ टक्के तरी मिसळणार, असा अंदाज बांधला असता, तर त्याच प्रश्नाला आधीच तोंड द्यावे लागले असते: मग किती चालेल? उत्तर 'माहीत नाही' आले असते आणि परवाना तिथेच अडला असता. ईपीएने पुढे धडा घेतला तो हाच. एका पिकाला जनावरांसाठी हो आणि माणसांसाठी नाही असा अर्धा परवाना देणे तिने बंद केले.

या मक्याचे आपल्याकडेही एक टोक आहे. २००२ च्या अखेरीस अमेरिकी मदतीतले मका-सोया पीठ केअर आणि कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेस या संस्थांमार्फत भारतात यायचे होते. स्टारलिंक त्यात नाही याची खात्री मिळेना, म्हणून आपल्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने आयात अडवली, आणि २००३ मध्ये संस्थांचे अपीलही फेटाळले गेले. इथे खाणारी होती अंगणवाडीच्या वयाची गरीब मुले, आणि ते पीठ त्यांच्या दिवसाच्या जेवणाचा मोठा हिस्सा. अमेरिकेच्या पाहणीतल्या एकाही आकड्यात ही मुले बसत नाहीत. दहा किलो वजनाचे मूल आणि रोज तेच एक पीठ, हा हिशेब वेगळाच करावा लागतो.

तसा हिशेब आपण आपल्यासाठी करायचा म्हटले तर कुठून सुरुवात करू, याचा विचार करताना माझ्या डोळ्यांसमोर सरकी येते. बीटी कापूस इथे २००२ पासून आहे. त्याच्या सरकीचे तेल माणूस खातो आणि पेंड जनावर. शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन जवळपास उरत नाही, पेंडीत राहते: ओल्या दळणाचीच गोष्ट, फक्त घाण्यातून आणि रिफायनरीतून गेलेली. पण सरकीचे तेल घरी पिशवी आणून खाणारे महाराष्ट्रात किती? ते जाते मिश्र तेलांत, फरसाणाच्या कढईत, हॉटेलच्या वाटीत. राष्ट्रीय नमुना पाहणी घराला विचारते, तेल किती लागले. कढईत काय होते हे ती फरसाणवाल्याला विचारत नाही, आणि घरातल्या कोणी किती खाल्ले हेही तिला कळत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये कोंबड्यांच्या खाद्यासाठी १२ लाख टन जनुकीय सुधारित सोयापेंड आयात करायला परवानगी मिळाली, तेव्हा मी आधी शोधले ते हेच, की ती उतरवून कुठल्या गोदामात ठेवणार आणि त्या गोदामात आणखी काय काय ठेवतात.

अमेरिकेत पुढे मोजदाद चालू राहिली. शेतकऱ्यांच्या खटल्यात ११ कोटी डॉलरची तडजोड झाली, ग्राहकांच्या खटल्यात ९० लाखांची. गिरण्या वर्षानुवर्षे येणारा प्रत्येक ट्रक पट्टीने तपासत राहिल्या आणि दोन रेघा उमटायचे प्रमाण घटत घटत जवळपास नाहीसे झाले. एप्रिल २००८ मध्ये ईपीएने कळवले की आता तपासणी थांबवली तरी चालेल, पुरवठ्यात क्राय-९सी जवळजवळ उरलेले नाही. दहा वर्षांपूर्वी परवान्यात लिहिलेल्या शून्याच्या जवळ मका शेवटी पोहोचला. किती चालेल, या रकान्यात तेव्हाही कोणी आकडा भरला नव्हता.